शेत आणि ताट यांच्यामधला मुलूख : प्रस्तावना

ज्या देशात माणसे सुमारे ३१ लाख आणि मेंढ्या ९० लाखांच्या आसपास आहेत, ज्याच्या भूमीचा दहापैकी आठ हिश्शांहून अधिक भाग शेती आणि कुरणे यांच्या खाली आहे, आणि ज्याच्या गुराख्यांनी कित्येक शतके आपली जनावरे पायी चालवत नेऊन लंडनचा मांसबाजार भरला, त्या वेल्स देशातील सामान्य कुटुंबाच्या ताटात त्याच देशाच्या मातीतून निघालेले अन्न इतके थोडे का असावे, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की, जमीनच निकृष्ट, पाऊस फार, ऊन कमी, तेव्हा गवताखेरीज तेथे दुसरे काय पिकणार! दुसरे असे की, लोकांचीच चव बदलली आणि मोठ्या दुकानांच्या सोयीपुढे गावचा बाजार टिकला नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु या विषयाचा मागोवा घेताना माझी अशी खात्री झाली की, खरे कारण शेतातही नाही आणि ताटातही नाही, तर त्या दोहोंच्या मध्ये जो विस्तीर्ण मुलूख पसरलेला असतो त्यात आहे. गिरणी, कत्तलखाना, लोण्या-चीजची खोली, गोदाम, आडत, बाजाराचा रस्ता आणि सार्वजनिक मुदपाकखाना हा तो मुलूख होय, आणि त्यावर ज्याचा अंमल चालतो त्याच्याच हाती त्या प्रदेशाचे अन्न असते.

पुस्तकाचे क्षेत्र मी मुद्दाम लहान ठेवले आहे. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील केरेडिगियॉन ही काउंटी, तिच्या उत्तरेचे डवी नदीचे खोरे आणि दक्षिणेस तिला लागून असलेले पेम्ब्रोकशायर व कारमार्थनशायर यांचे काही भाग, एवढाच हा प्रदेश. केरेडिगियॉनची वस्ती २०२१च्या खानेसुमारीत ७१,५०० भरली; म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पूर्वेला कॅम्ब्रियन डोंगरांची रांग, तिच्यात ७५२ मीटर उंचीचा पिमलिमोन, ज्याच्या कुशीत सेव्हर्न आणि वाय या दोन्ही मोठ्या नद्या उगम पावतात. पश्चिमेला कार्डिगनचा उपसागर. आणि मध्ये तैवी, ऐरॉन, इस्टविथ यांसारख्या नद्यांची खोरी. डोंगरमाथ्यावरची माती आंबट आणि पाणथळ, खोऱ्यांतली मात्र चांगली कसदार, आणि समुद्रकाठच्या पट्ट्यात कडाक्याची थंडी क्वचितच पडते. तेव्हा 'गवताखेरीज काही नाही' ही समजूत सबंध मुलखाला लागू पडत नाही.

जुने अन्न कसे होते हे आपल्याला बऱ्याच तपशिलाने कळते, याचे श्रेय कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स येथील लोकजीवन-संग्रहालयाच्या मिनवेल टिबट या विदुषीला दिले पाहिजे. त्यांनी वेल्सभर हिंडून वृद्ध गृहिणींच्या तोंडून पाककृती आणि चुलीभोवतीच्या चालीरीती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, आणि १९७६ साली त्यांतून वेल्श खाद्यावरचे त्यांचे पुस्तक सिद्ध झाले. त्या नोंदींतून दिसणारे घर ओट, जव, दूध, ताक, खारवलेले डुकराचे मांस, कोबी, लीक आणि किनाऱ्यावर हेरिंग मासळी यांवर चालणारे आहे. मोठ्या हंड्यात मांसाचा तुकडा, कंद आणि लीक घालून रटरटत ठेवलेले 'काउल', लाकडी वाडग्यात वाढून लाकडी चमच्यानेच खायचे. आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा तापवले की अधिक रुचकर लागते, असा सर्वांचा अनुभव. दुसरा पदार्थ 'लमरी'. ओटचा भरड कोंडा ताकात किंवा पाण्यात दोन-तीन दिवस आंबत ठेवायचा, गाळून घ्यायचा, आणि तो पातळ रस चुलीवर सतत ढवळत दाट करायचा. थंड झाल्यावर तो थरथरता गोळा दुधाबरोबर खायचा. आपल्या आंबिलीचा हा जवळचा नातलग शोभेल. ही सारी रसोई गरिबीची होती हे विसरून तिचे कौतुक करणे योग्य नाही. पण तिच्यातील ओट गावच्या पाणचक्कीवर दळलेला होता, लोणी घरच्या रवीचे होते, आणि डुक्कर गावातल्याच खाटकाने कापलेले होते, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

त्याच काळात या प्रदेशाची दुसरी एक अर्थव्यवस्था चालू होती, आणि तिचे तोंड बाहेरच्या बाजूला होते. ट्रेगॅरनसारख्या गावी गुरांचे हेडी जमत, आसपासच्या शेतांवरून काळी गुरे विकत घेत आणि डोंगर ओलांडून इंग्लंडच्या बाजारांकडे कूच करीत. एवढी लांब चाल खडकाळ रस्त्यांवरून व्हायची म्हणून गुरांना नाल ठोकीत. बैलाचे खूर दुभंगलेले असल्याने एका पायाला दोन, याप्रमाणे एका जनावराला आठ पत्रे लागत. जनावराचे पाय दोराने बांधून त्याला जमिनीवर आडवे पाडायचे आणि लोहाराने पत्र्यामागून पत्रा ठोकायचा. हंसांचे कळप तर प्रथम डांबरात आणि मग वाळूत चालवीत, म्हणजे त्यांच्या पायांना एक कठीण तळ चढे. परतताना हेडी लोक रोकड घेऊन येत, आणि त्या रोकडीच्या जोखमीतूनच पेढी उभी राहिली. डेव्हिड जोन्स नावाच्या हेड्याने १७९९ साली लॅण्डव्हरी येथे काढलेली 'काळ्या बैलाची पेढी' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या नोटांवर बैलाचे चित्र असे, आणि १९०९ साली ती लॉइड्झ बँकेत विलीन झाली.

हा व्यापार बाहेरचा असला तरी त्यातील नाल ठोकणारा लोहार, हेडी आणि पेढीवाला हे मुलखातलेच होते. रस्त्यावर मात्र त्यांचा अधिकार नव्हता, आणि तेथेच पहिला मोठा संघर्ष उडाला. आंबट जमिनीला चुना घातल्याशिवाय पीक येत नसे. चुना किनाऱ्यावरच्या भट्ट्यांतून गाड्यांनी आणावा लागे. आणि रस्त्यांचा मक्ता घेतलेल्या मंडळ्यांनी वाटेत इतके जकातनाके उभारले की, चुन्याची गाडी शेतापर्यंत पोचेतो शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. १३ मे १८३९ रोजी एवाइलवेन येथील नाक्यावर बायकी वेषातल्या, तोंडे काळी केलेल्या पुरुषांचा जमाव चालून गेला आणि त्याने तो नाका मोडून टाकला. 'रिबेका'च्या नावाने ओळखले जाणारे हे दंगे १८४३पर्यंत चालले. सरकारने चौकशी केली, १८४४ साली कायदा करून रस्ते काउंटीच्या मंडळांकडे सोपविले, आणि चुन्यावरची जकात निम्म्यावर आणली. अन्नाच्या इतिहासात या दंग्यांचा उल्लेख क्वचित होतो; मला मात्र तो त्या इतिहासातला एक मुख्य प्रसंग वाटतो, कारण शेत आणि बाजार यांच्यामधल्या मुलखावर शेतकऱ्याने हक्क सांगितल्याचे असे ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

रेल्वे आली आणि हेड्यांचा काळ संपला. १८६७ साली कारमार्थन ते ॲबरिस्टविथ हा लोहमार्ग पुरा झाला. जनावरे डब्यांतून जाऊ लागली आणि पुढे दूधही जाऊ लागले. केरेडिगियॉनच्या कित्येक कुटुंबांनी लंडनमध्ये जाऊन दुधाची दुकाने थाटली, त्यामुळे शहराच्या गल्लीबोळांत दूध घालणारा आणि इकडे गाय पिळणारा एकाच गावचे असावेत असे पुष्कळदा घडे. १९३३ साली सरकारी कायद्याने दूध-विक्री मंडळ स्थापन झाले. अंतर कितीही असो, शेताच्या फाटकाशी ठेवलेले दुधाचे कॅन रोज उचलले जातील आणि ठरलेला भाव मिळेल, ही हमी मंदीने खचलेल्या लहान शेतकऱ्याला जीवदान देणारी ठरली, आणि तिची थोरवी मी कमी लेखणार नाही. परंतु कॅन फाटकातून गेला की त्याबरोबर घरची रवी थांबली, चीजची खोली रिकामी झाली, आणि ते ज्ञान एका पिढीत ओसरले. त्यात महायुद्ध आले. शिधावाटपाच्या काळात दूध टिकाऊ 'सरकारी चेडर' चीजसाठी राखून ठेवण्यात आले आणि फार दिवस न टिकणाऱ्या कारफिली चीजची निर्मिती बंद पडली. पुढे रेल्वेही आटली. १९६५ साली या मार्गावरील प्रवासी गाड्या बंद झाल्या; लॅम्पिटरच्या बाजूने दुधाच्या गाड्या १९७३पर्यंत तेवढ्या धावत राहिल्या. १९८४ साली युरोपीय समाजाने दुधावर कोटा बसविला, १९९४ साली दूध-विक्री मंडळही विसर्जित झाले, आणि ज्या एकाच दारावर सारा भरवसा होता ते दार शेतकऱ्यासमोर बंद झाले.

शास्त्राचा वाटाही येथे सांगितला पाहिजे. ॲबरिस्टविथ येथे १९१९ साली वनस्पती-प्रजनन केंद्र स्थापन झाले आणि जॉर्ज स्टेपलडन यांच्या नेतृत्वाखाली तेथे गवताच्या व क्लोव्हरच्या ज्या जाती निघाल्या, त्या पुढे साऱ्या समशीतोष्ण जगात पेरल्या गेल्या. डोंगराळ माळ हिरवा करता येतो हे त्यांनी सप्रमाण दाखविले. गवत सुधारले, मेंढ्या वाढल्या, आणि ओटची शेते हळूहळू कुरणांत विरून गेली.

स्थानिक अन्नाची आजची चळवळ या अवशेषांतून वर आली, आणि तिच्यात निदान चार पंथ ओळखता येतात. पहिला सेंद्रिय शेतीचा, आणि याच पंथाशी आपले एक जुने नाते आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या संस्थानात, इंदूर येथे, १९२४ ते १९३१ या काळात शेणकाडीपासून खत करण्याची जी 'इंदूर पद्धत' व्यवस्थित मांडली, तिचे मूळ हिंदी रयतेच्या वहिवाटीत होते असे ते स्वतःच मानीत. तिच्या आणि हॉवर्ड यांच्या इतर लेखनाच्या प्रेरणेने ब्रिटनमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन ही संस्था उभी राहिली. बोर्थजवळच्या ब्रनलिस या शेतावर डायना विल्यम्स तिच्या आरंभीच्या अनुयायांपैकी होत्या. १९७३ साली पॅट्रिक होल्डन लॅम्पिटरजवळच्या बुल्खवेर्नेन वावर या डोंगरी शेतावर आले, आणि पुढे पंधरा वर्षे सॉइल असोसिएशनचे संचालक होते. त्यांच्या एअरशायर गाईंच्या दुधाचे चीज आज तेथेच, त्याच शेतावर होते. ऐरॉनच्या खोऱ्यात ब्लाएनकॅमेल या शेतावर १९७४पासून सेंद्रिय भाजीपाला पिकत आला आहे, आणि तेथील खताचे ढीग पाहणाऱ्या मराठी माणसाला इंदूरची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही.

ब्रनलिसचीच पुढची कथा या पंथाचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही सांगते. १९८२च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजले, दुधाची गाडी येईना, तेव्हा डायना विल्यम्स यांच्या कन्या रेचल रोलंड्झ यांनी साठलेल्या दुधाची साय-लोणी करून आसपास विकली. त्यातून दह्याचा व्यवसाय निघाला आणि ॲबरिस्टविथला कारखाना झाला. दही ब्रिटनभर गेले. १९९९ साली ती कंपनी अमेरिकन मालकीची झाली आणि २०१० साली एका फ्रेंच दुग्धसमूहाकडे गेली. कारखाना अजून तेथेच आहे, लोकांना रोजगार आहे, नावही तेच आहे. निर्णय मात्र दूरच्या कचेरीत होतात. सेंद्रियतेची सनद मातीचे रक्षण करू शकते, मधल्या मुलखाची मालकी ती राखू शकत नाही.

दुसरा पंथ स्वयंपूर्णतेचा. जॉन सीमोर पेम्ब्रोकशायरमधील न्यूपोर्टजवळ राहून आपली भाकरी, बिअर, डुक्कर आणि भाजी स्वतःच्या हाताने सिद्ध करीत, आणि त्यांचे १९७६चे स्वयंपूर्णतेवरचे पुस्तक जगभर गेले. मखन्लेथजवळच्या ओस पडलेल्या स्लेट खाणीत १९७३ साली पर्यायी तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. या पंथाला कायद्यात स्थान देण्याचे धैर्य वेल्सच्या सरकारने दाखविले: २०१०च्या 'एक पृथ्वी' नियोजन-धोरणानुसार, मोकळ्या जमिनीवर घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाने ठरावीक मुदतीत आपल्या किमान गरजांचा मोठा भाग त्याच जमिनीतून भागवून दाखवला तर परवानगी मिळते. हा प्रयोग मला मनापासून आदरणीय वाटतो. पण एकेका कुटुंबाच्या तपश्चर्येने काउंटीचे पोट भरत नाही.

तिसरा पंथ कीर्तीचा. वेल्श गोमांस व कोकराचे मांस यांना २००२-०३ साली युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले, २०१३ साली पेम्ब्रोकशायरच्या हंगामारंभीच्या बटाट्याला आणि पुढे कारफिली चीजलाही ते लाभले. ॲबरगॅव्हनीचा खाद्यमहोत्सव १९९९पासून भरतो. याने भाव मिळाला आणि अभिमान जागा झाला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

चौथा पंथ, ज्याच्या बाजूने हे पुस्तक उभे आहे, अन्नाकडे सार्वजनिक व्यवस्था म्हणून पाहतो. सेंट डेव्हिड्सजवळच्या एका शेतावर सभासद हंगामाच्या आरंभीच वर्गणी भरतात आणि पीक चांगले येवो वा बुडो, त्यातला वाटा घेतात. लॅनरिस्टड येथील जुनी पाणचक्की दुरुस्त होऊन पुन्हा पीठ दळते. काळ्या ओटचे जुने वाण काही शेतकरी एकमेकांना बियाणे देत पुन्हा लावू लागले आहेत, आणि ज्या ॲबरिस्टविथच्या संशोधनाने ओटची जागा गवताला मिळवून दिली तेथल्याच बीजसंग्रहाने त्यांना साहाय्य केले आहे. कारमार्थनशायरच्या काउंटीने लॅनार्थनी येथील आपल्या मालकीच्या ब्रेमेंदा इसाव या शेतावर शाळा व वृद्धनिवासांसाठी भाजी पिकवण्यास घेतली. २०२२पासून वेल्सच्या सर्व प्राथमिक शाळांत टप्प्याटप्प्याने मोफत भोजन सुरू झाले. त्याच वर्षी कार्डिफमध्ये शाळांच्या उन्हाळी भोजनासाठी वेल्समध्येच पिकलेली कोर्जेट ही काकडीसारखी भाजी पुरवण्याचा छोटा प्रयोग झाला. त्यात शेतकऱ्याच्या बरोबरीने घाऊक व्यापारी, काउंटीचा खरेदी अधिकारी आणि आहारतज्ज्ञ एका मेजाशी बसले. प्रयोग लहान, पण रचना अचूक; कारण मोठी, खात्रीची आणि वर्षभराची मागणी असेल तरच शेतकरी कुरणाचा तुकडा नांगरून भाजी लावण्याचे धाडस करील.

हा विषय आत्ताच का मांडावा, याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घडामोडींत आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर शेतीच्या अनुदानाची जुनी घडी मोडली. वेल्सने २०२३ साली स्वतःचा शेती कायदा केला. त्याखालील योजनेच्या मसुद्यात शेताच्या दहा टक्के भागावर झाडे असावीत अशी अट होती, आणि तिच्याविरुद्ध २०२४च्या आरंभी हजारो शेतकरी कार्डिफला लोटले. नाहीशा होणाऱ्या रोजगारांचे प्रतीक म्हणून सेनेद या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर रबरी बुटांचे ५,५०० जोड मांडून ठेवण्यात आले. अट मागे घेतली गेली, योजना २०२६च्या आरंभी अमलात आली. या वादात शेतकऱ्याला पर्यावरणाचा शत्रू ठरविणारे आणि पर्यावरणवाद्याला शेतकऱ्याचा वैरी ठरविणारे, दोघेही चुकले असे मी म्हणेन. या भागात शेती मोडते तेव्हा तिच्याबरोबर भाषाही ढासळते, कारण वेल्समधील शेतकाम करणाऱ्यांत वेल्श बोलणारे सुमारे ४३ टक्के आहेत आणि एवढे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात नाही. उलट, पिमलिमोनवर निर्मळ निघणारी वाय नदी खाली पोव्हिस आणि हेरफर्डशायरमध्ये येताच प्रचंड खुराड्यांतल्या कोंबड्यांच्या विष्ठेतील फॉस्फेटने शेवाळलेली दिसते. तिच्या खोऱ्यात दोन कोटींच्या आसपास कोंबड्या आहेत. त्या कोंबड्या स्थानिक भूमीवर उभ्या आहेत खऱ्या, पण त्यांचा दाणा दुरून येतो आणि मांस दूर जाते. मागे राहते ती घाण. केवळ जवळ पिकले म्हणून अन्न टिकाऊ ठरत नाही, याचे याहून खेदजनक प्रमाण नको.

आणि कत्तलखान्यांचे काय? १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ते अडीच हजारांच्या आसपास होते. आज दोन-अडीचशेच उरले आहेत. नियमांचा आणि तपासणीचा खर्च मोठ्या कारखान्याला सोसतो, लहानाला नाही. आपल्या दोन-चार मेंढ्या कापून आणून गावातच मांस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला त्या दूरवर वाहून न्याव्या लागतात, आणि सेंद्रियतेच्या साऱ्या कष्टांनंतर हा शेवटचा दुवा निखळतो. या प्रश्नाला मी पुस्तकात बरीच जागा दिली आहे, कारण खाद्यमहोत्सवांच्या वर्णनांत तो कधी येत नाही आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो सतत येतो.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. ती दुव्यांच्या क्रमाने आहे. गिरणी, दूध, मांस, भाजी, समुद्र, आणि शेवटी शाळेचे स्वयंपाकघर अशा ओघाने आपण त्या मुलखातून जातो, आणि प्रत्येक ठिकाणी तो दुवा पूर्वी कोणाच्या हाती होता, कसा निसटला आणि आज तो परत जोडू पाहणारे काय करीत आहेत, हे पाहतो. पाककृतींचे हे पुस्तक नव्हे. ज्या थोड्या दिल्या आहेत त्या पदार्थामागची व्यवस्था समजावी एवढ्यापुरत्याच. वेल्सचे अनुकरण महाराष्ट्राने करावे असा आग्रहही यात कोठे नाही; हवामान वेगळे, जमीनधारणा वेगळी, इतिहास वेगळा. गावांची नावे वेल्श उच्चारानुसार देवनागरीत आणली आहेत, तेव्हा नकाशातील रोमन अक्षरांशी ती सर्वत्र जुळणार नाहीत.

वाचकांपैकी जे सहकारी दूधसंघांत, बाजार समित्यांत किंवा शालेय पोषण आहाराच्या कामात आहेत, त्यांना माझी विशेष विनंती आहे की, त्यांनी दुधाचे आणि शाळेच्या स्वयंपाकघराचे प्रकरण आधी वाचावे, आणि तेथे मांडलेल्या हिशेबात त्यांना स्वतःच्या अनुभवाने काही उणे-अधिक दिसले तर ते मला अवश्य कळवावे. पुढच्या आवृत्तीत त्यांचे म्हणणे त्यांच्या नावासह घालण्यात येईल.